एका तबकडीची कुटुंबकथा

गाण्याच्या तबकडीच्या वेष्टनावर बहुधा गवयाची किंवा वादकांची छबी असते. आणि तें स्वाभाविकच आहे, कारण ज्याचें गाणें विकत घ्यावयाचें त्याचा चेहरा गिऱ्हाइकास पाहावासा वाटतो. परंतु ऑगस्ट १९७३ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ तबकडीच्या दर्शनी बाजूस एक लहानगा मुलगा आहे, आणि पाठीमागच्या बाजूस एक लहानगी मुलगी. मुलगा त्या वाद्यवृंदांतील एका ड्रमवादकाचा. मुलगी खर्जाची गिटार वाजविणाऱ्याची. वेष्टन उघडावें तों आंत वादक, त्यांच्या बायका, मुलें, सामानसुमान सांभाळणारे सोबती असा सारा गोतावळा एकत्र दिसतो. तबकडीचें नांव ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’, म्हणजे बंधुभगिनी. वाद्यवृंदाचें नांव ‘ऑलमन ब्रदर्स बँड’. आणि ती तबकडी बाजारांत आली तेव्हां पाठीमागच्या चित्रांतील मुलीचा बाप या जगांत नव्हता.

कुटुंबाच्या मासिकांत परदेशी गाण्याबजावण्याची ही चर्चा कशाला, असें कोणी वडीलधारे विचारतील. त्यांस उत्तर एवढेंच कीं, ही हकीकत गाण्याची आहे त्याहून अधिक घराची आहे. कर्ता पुरुष अकालीं गेला असतां मागें राहिलेल्यांनीं काय करावें, हा प्रश्न ज्या घरांत कधींच उपस्थित झाला नाहीं असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या प्रश्नास सात गाण्यांत दिलेलें एक उत्तर या दृष्टीनें आम्ही या तबकडीकडे पाहतों. तिचें संगीत प्रत्येकास रुचावें असा आमचा आग्रह नाहीं. पण ती कशी घडली हें मात्र जाणून घेण्यासारखें आहे.

ड्वेन आणि ग्रेग ऑलमन हे सख्खे भाऊ. ड्वेन यांचा जन्म १९४६ चा, ग्रेग यांचा १९४७ चा. बाप सैन्यांत होता. १९४९ च्या डिसेंबरांत, वाटेंत गाडींत घेतलेल्या एका अनोळखी इसमानें त्याचा खून केला. मुलें तेव्हां तीन व दोन वर्षांचीं. आईनें हिशेबतपासणीचें शिक्षण घेऊन एकटीनें त्यांस वाढविलें. गिटार प्रथम धाकट्याच्या हातीं आली. परंतु थोरला त्याच्याकडून शिकला आणि थोड्याच काळांत त्याच्या पुढें गेला. धाकट्याकडे गळा होता. पुढें तो गाऊं लागला, ऑर्गन वाजवूं लागला. हें वाद्य आपल्या संगीत नाटकांमुळें महाराष्ट्रास चांगलेंच परिचित आहे. मात्र ग्रेग यांचा ऑर्गन विजेवर चालणारा.

१९६९ च्या मार्च महिन्यांत फ्लोरिडा राज्यांतील जॅक्सनव्हिल येथें सहा जणांचा हा मेळा जमला. दोघे भाऊ, दुसरे गिटारवादक डिकी बेट्स, खर्जाची गिटार वाजविणारे बेरी ओकली, आणि बुच ट्रक्स व जेमो हे दोन ड्रमवादक. पैकीं जेमो हे कृष्णवर्णीय होते. मंडळी लौकरच जॉर्जिया राज्यांतील मेकन या शहरीं राहावयास आली, कारण फिल वॉल्डन यांची ‘कॅप्रिकॉर्न’ ही ध्वनिमुद्रण-कंपनी तेथें नुकतीच उभी राहिली होती.

त्या काळीं दक्षिणेंत गोऱ्यांनीं व काळ्यांनीं एका घरांत राहणें, एका ताटाशीं बसणें ही साधी गोष्ट नव्हती. भोजनगृहांतील वर्णभेद कायद्यानें बंद होऊन अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. आणि कायदा बदलला म्हणून मन बदलतेंच असें नाहीं. मेकनमध्यें ‘एच अँड एच’ नांवाची एक खाणावळ होती. ती दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनीं १९५९ मध्यें चालू केली होती. मंडळींच्या खिशांत पैसा नसे; दोन थाळ्या मागवून त्यांत पांचसहा जणांनीं भूक भागवावी अशी स्थिति. त्यांपैकीं लुईझ हडसन या बाईनीं हें पाहिलें आणि त्यांच्यापुढें भरलेलीं ताटें ठेवलीं. ‘मामा लुईझ’ या नांवानें त्या पुढें प्रसिद्ध झाल्या. चांगले दिवस आल्यावर मंडळी त्यांस विसरली नाहीं. १९७२ मध्यें एका दौऱ्यावर त्यांस सन्मानानें बरोबर घेऊन गेली. येथें एक गोष्ट आमच्या वाचकांपुढें स्पष्ट मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्याकडे घर म्हणजे रक्त आणि गोत्र, आणि पंक्ति त्याहून अरुंद. कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या शेजारीं बसावें याचे नियम आपण जितके बारकाईनें पाळले तितके ते राज्यहि पाळूं शकलें नसेल. ज्यास आम्ही या लेखांत कुटुंब म्हणत आहों तें आधीं अन्नानें जमलें, हें ध्यानांत असूं द्यावें.

१९७० च्या आरंभीं व्हाइनव्हिल ॲव्हेन्यूवरील एक प्रशस्त जुनें घर भाड्यानें घेण्यांत आलें. त्यास सर्व जण ‘बिग हाऊस’, म्हणजे मोठें घर, म्हणत. ओकली यांचें बिऱ्हाड, ड्वेन यांचें बिऱ्हाड, ग्रेग, ओकली यांची बहीण अशीं माणसें तेथें राहत. बाकीच्यांचें जाणेंयेणें अखंड चाले. सर्वांनीं एकत्र जेवावें, मुलांनीं एकत्र वाढावें, ही हौस विशेषतः ओकली यांची. संगीताचा कर्ता ड्वेन, तर घराचा कर्ता ओकली, असें म्हटलें तरी चालेल.

आतां त्यांच्या संगीताविषयीं दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिण भागांत दोन प्रकारचीं लोकगीतें मुख्य. एक ‘ब्ल्यूज’: गुलामगिरी आणि तिच्यामागून आलेलें दारिद्र्य सोसलेल्या कृष्णवर्णीयांचें, दुःख उघड्यावर मांडणारें. दुसरें ‘कंट्री’: गोऱ्या शेतकऱ्यांचें, फिडल आणि बँजो यांवर वाजणारें, घर, रस्ता, शेत आणि प्रेम यांच्या गोष्टी सांगणारें. दोन्ही शेजारीं नांदलीं, एकमेकांपासून पुष्कळ शिकलीं, पण बाजारांत त्यांचीं दुकानें वेगळीं राहिलीं. विजेच्या गिटारींच्या मोठ्या आवाजांत हीं दोन्ही एकत्र आणून जें संगीत या पिढीनें उभें केलें त्यास ‘सदर्न रॉक’ असें नांव पडलें. ऑलमन मंडळींचा विशेष असा कीं, दोन गिटारी एकच सुरावट निरनिराळ्या उंचीवरून जोडीनें वाजवीत, आणि मग एकेक वादक आपल्या मनानें विस्तार करी. १९७१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रणानें त्यांची कीर्ति देशभर पसरली.

कीर्ति आली आणि पाठोपाठ काळ आला. २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं मेकनच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातांत ड्वेन ऑलमन मृत्यु पावले. वय चोवीस. त्या आघातानें ओकली खचले ते खचलेच. पुढें एक वर्ष आणि तेरा दिवसांनीं, ११ नोव्हेंबर १९७२ रोजीं, पहिल्या जागेपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणीं त्यांची मोटारसायकल एका बसवर आदळली. ‘मला कांहीं झालें नाहीं’ अशा समजुतीनें ते दवाखान्यांत न जातां घरीं आले. थोड्याच तासांत मेंदूच्या दुखापतीनें त्यांचा अंत झाला. त्यांचेंहि वय चोवीसच. रोझ हिल या दफनभूमींत दोघे शेजारीं शेजारीं आहेत.

‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ ही या दोन मृत्यूंच्या मधली आणि नंतरची निर्मिति आहे. १९७२ च्या शरदांत कॅप्रिकॉर्नच्या मेकन येथील ध्वनिमुद्रण-गृहांत काम सुरू झालें. जॉनी सँडलिन हे निर्मातें म्हणून मंडळींबरोबर होते. पहिल्या दोन गाण्यांत ओकली वाजवितात. उरलेल्या पांचांत ते नाहींत. तबकडी ऐकतां ऐकतां एक माणूस निघून जातो, आणि कोठेंहि त्याची घोषणा होत नाहीं.

ड्वेन यांच्या जागीं कोण, हा प्रश्न तर त्याहि आधींचा. त्यांच्यासारखी गिटार वाजविणारा कोणी शोधून आणणें अशक्य नव्हतें. नक्कल करणारे प्रत्येक काळीं मिळतात. पण त्या जागीं दुसरा कायमचा गिटारवादक न बसवितां मंडळींनीं चक लेव्हेल नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणास पियानोवर घेतलें. लेव्हेल ग्रेग यांच्या स्वतंत्र तबकडीसाठीं वाजवावयास आले होते. तेथेंच त्यांचा हात सर्वांस आवडला. या निवडीचें मर्म आमच्या मतें मोठें आहे. थोरल्याच्या पाटावर दुसऱ्यास बसविलें कीं बसणाऱ्याचें आयुष्य तुलनेंत जातें आणि पाहणाऱ्यांचें आयुष्य उसासे टाकण्यांत. येथें तो पाट रिकामाच ठेवला, आणि येणाऱ्यास त्याचा स्वतःचा वेगळा पाट मांडून दिला. दत्तक घेऊन त्यास मृताचे कपडे घालावयास लावणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतील मुलांचे चेहरेहि पाहिले आहेत. म्हणून हें लिहितों.

ओकली यांच्या मागून लमार विल्यम्स आले. हे जेमो यांचे बाळमित्र, मिसिसिपी राज्याचे, कृष्णवर्णीय, व्हिएतनामच्या युद्धांत सैनिक म्हणून जाऊन आलेले. त्यांनींहि ओकलींची नक्कल केली नाहीं. त्यांचा खर्ज अधिक शांत व मोजका. बाकीच्यांस पाय टेकण्यास भक्कम जमीन देणारा.

सात गाण्यांपैकीं दोन ग्रेग यांचीं, चार बेट्स यांचीं आणि एक जुनें ब्ल्यूज. या हिशेबावरूनच ध्यानांत येईल कीं, जबाबदारीचा भार आतां कोणाच्या खांद्यावर आला होता. ड्वेन हयात असतांना बेट्स हे दुसरे गिटारवादक म्हणून गणले जात. त्यांची योग्यता जाणकारांस ठाऊक होती, पण सावली मोठी होती. त्यांचें बालपण फ्लोरिडांत गेलें, घरीं फिडलचें व ग्रामीण गाण्याचें वातावरण. त्यामुळें त्यांच्या बोटांत जे पांच स्वर सहजीं बसले होते ते सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपल्या भूपाचेच. स्वर तेच म्हणून राग तोच होत नाहीं हें संगीतज्ञ वाचकांस सांगावयास नको; भूपाचें गांभीर्य येथें नाहीं, चालण्याची हुशारी आहे. तरी हे स्वर कानीं पडतांच ओळखीचें कोणी भेटल्यासारखें वाटतें.

त्यांचें ‘रॅम्ब्लिन मॅन’ हें गाणें या तबकडीचें सर्वांत गाजलेलें. तें फारच ‘कंट्री’ आहे, आपल्या मंडळींस शोभेल काय, अशी शंका आरंभीं त्यांच्यांतच निघाली होती. ऑक्टोबर १९७३ मध्यें तें अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत दुसऱ्या क्रमांकास पोंचलें. इतका वर या मंडळींचें दुसरें कोणतेंहि गाणें गेलें नाहीं. गाण्याचा नायक एके ठिकाणीं न टिकणारा, जन्मापासून रस्त्यावरचा भटक्या आहे. गंमत अशी कीं, हें भटक्याचें गाणें बेट्स यांनीं लिहिलें तें मोठ्या घरांतील ओकलींच्या स्वयंपाकघरांत, पहांटे चारच्या सुमारास. चूल असल्यावांचून भटकंतीचें गाणें सुचत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण या गाण्यास ती होती खरी. त्यांत लेस ड्यूडेक या पाहुण्या वादकाची गिटार बेट्स यांच्या गिटारीशीं जोडीनें वाजते. आणि ओकलींच्या हातून ध्वनिमुद्रित झालेल्या अखेरच्या सुरावटींपैकीं ती एक आहे.

दुसरें नांव घ्यावयाचें तें ‘जेसिका’चें. ही केवळ वाद्यांची रचना, सुमारें साडेसात मिनिटांची. शब्द एकहि नाहीं. जँगो राइनहार्ट नांवाचे एक थोर गिटारवादक फ्रान्समध्यें होऊन गेले. १९२८ मधील आगींत त्यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनीं सारी कला पुन्हां उभी केली. त्यांच्या सन्मानार्थ डाव्या हाताच्या दोनच बोटांनीं वाजवितां येईल अशी चाल रचावी, असें बेट्स यांनीं मनांत घेतलें. चाल बसेना. तेवढ्यांत त्यांची रांगती मुलगी जेसिका खोलींत आली आणि सुरांबरोबर डोलूं लागली. तिच्या बागडण्यास शोभेल असें कांहीं वाजवूं लागतांच चाल बसली, आणि मुलीचेंच नांव तिला दिलें. गिटार, पियानो आणि ऑर्गन मिळून ती सुरावट प्रथम मांडतात. नंतर लेव्हेल यांचा पियानो मोकळा सुटतो, आणि शेवटीं बेट्स. ज्या घरांत वर्षभरांत दोन तिरड्या उठल्या त्या घरांतून बाहेर पडलेली ही चाल इतकी प्रसन्न कशी, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. सुतक फेडण्याची शक्ति ज्ञानांत असते, काळांत असते असें शास्त्रें सांगतात. पण घरांत रांगतें मूल असलें तर त्याचा हात ज्ञानाहून लांब पोंचतो.

तबकडी अमेरिकेंत सलग पांच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. प्रसिद्ध होण्यापूर्वींच, २८ जुलै १९७३ रोजीं, न्यूयॉर्क राज्यांतील वॉटकिन्स ग्लेन येथें इतर दोन वाद्यवृंदांसह या मंडळींनीं जी मैफल केली तिला सुमारें सहा लाख माणसें जमलीं होतीं. चार वर्षांपूर्वीं दोन थाळ्यांत पांचसहा जण जेवणारे हे लोक आतां दौऱ्यांसाठीं स्वतंत्र विमान भाड्यानें घेऊं लागले.

येथून पुढची कथा सांगणें जिवावर येतें. पण अर्धी कथा सांगून उपदेश करणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या घरास दोन मृत्यु मोडूं शकले नाहींत तें तीन वर्षांच्या ऐश्वर्यांत मोडलें. अमली पदार्थांचें व्यसन तर आरंभापासूनच होतें. पैशानें तें वाढविलें. ग्रेग आणि बेट्स यांनीं आपापल्या नांवाच्या स्वतंत्र तबकड्या काढल्या. १९७५ च्या ‘विन, लूज ऑर ड्रॉ’ या तबकडीच्या वेळीं सर्व जण एकत्र बसण्याचेंहि मोठें कठीण झालें. ग्रेग यांचें गायन लॉस एंजेलिसला वेगळें ध्वनिमुद्रित करावें लागलें. चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि तें ऐकूंहि येत होतें. १९७६ मध्यें त्यांच्याच एका निकटच्या सेवकावर अमली पदार्थांचा खटला झाला. ग्रेग यांनीं स्वतःस अभय मिळवून त्याच्याविरुद्ध साक्ष दिली; त्यास पंचाहत्तर वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली. ती पुढें अपिलांत टिकली नाहीं, पण बाकीच्यांनीं ग्रेगबरोबर पुन्हां न वाजविण्याचें जाहीर केलें आणि मेळा मोडला.

याच्या मुळाशीं एक हिशेबाचाहि भाग आहे. मैफलीची मिळकत वादकांत वांटली जाते. परंतु गीत रचल्याचें स्वामित्वधन रचनाकाराच्याच नांवें जमा होतें. गाणें सर्वांच्या हातून फुलतें, मालकी एकाची लागते. ‘जेसिका’च्या एका भागाची कल्पना आपली होती असें ड्यूडेक पुढें सांगत, रचनाकार म्हणून नांव मात्र एकट्या बेट्स यांचें. ही अडचण आपणांस नवी नाहीं. विद्येनें मिळविलेलें धन, पितृधनास धक्का न लावतां मिळविलें असेल तर, भावांत वांटूं नये असें याज्ञवल्क्य सांगतात. पण ती विद्या घरच्या पैशानें शिकलेली असली तर काय, यावर मिताक्षरेपासून हायकोर्टापर्यंत वाद चालला. शेवटीं मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नानें १९३० चा हिंदु विद्याधनाचा कायदा झाला आणि अशी मिळकत ज्याची त्याची ठरली. कायदा न्याय्यच होता. परंतु ज्या भावानें शेत सांभाळून दुसऱ्यास शिकविलें, ज्या वहिनीनें त्याचे डबे भरले, त्यांचें स्वामित्वधन कोणत्याहि पुस्तकांत मांडलें गेलें नाहीं. मेकनच्या त्या घरांतहि नेमकें हेंच झालें, एवढें म्हणण्याइतका पुरावा आम्हांजवळ नाहीं. पण सामायिक श्रम आणि एकट्याचें नांव यांतील अंतर जेथें कोणी मोठेपणानें भरून काढीत नाहीं तेथें घर टिकत नाहीं, हें आम्ही निश्चित सांगूं शकतों.

मंडळी पुढें पुन्हां एकत्र आली, पुन्हां दुरावली, पुन्हां जमली. लमार विल्यम्स १९८३ मध्यें कर्करोगानें वारले. २००० मध्यें बेट्स कायमचे बाहेर पडले. अखेरची मैफल न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरांत २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर संपली. म्हणजे संपली तेव्हां तारीख २९ ऑक्टोबर, थोरल्याच्या पुण्यतिथीची. ट्रक्स आणि ग्रेग २०१७ मध्यें गेले. ग्रेग यांस रोझ हिलमध्येंच, भावाजवळ, ठेवण्यांत आलें. बेट्स २०२४ च्या एप्रिलांत निवर्तले.

मोठ्या घरांत २००९ पासून संग्रहालय आहे. कॅप्रिकॉर्नचें ध्वनिमुद्रण-गृह पुष्कळ वर्षें पडीक राहिलें. मर्सर विद्यापीठानें त्याचा जीर्णोद्धार करून २०१९ मध्यें तें पुन्हां उघडलें. आमच्या वाचकांच्या घरांतील तरुणांस ही तबकडी मिळविण्यास आतां दुकानांतहि जावें लागणार नाहीं; ती त्यांच्या खिशांतील दूरध्वनियंत्रांतच सांपडेल. त्यांनीं ती लावावी, आणि वडील मंडळींनीं एक दिवस ‘आवाज कमी कर’ असें न म्हणतां ‘जेसिका’ शेवटपर्यंत ऐकावी. या माणसांचीं व्यसनें अनुकरणीय नाहींत, त्यांचा शेवटचा कलहहि नाहीं. पण दुःखाच्या पहिल्या हिवाळ्यांत त्यांनीं केलेल्या तीन गोष्टी कोणत्याहि घरानें घ्याव्या अशा आहेत: गेलेल्याची जागा नकलेनें भरली नाहीं, नव्या आलेल्यास त्याची स्वतःची जागा दिली, आणि वेष्टनावर स्वतःचे चेहरे न छापतां मुलांचे छापले.